झाकशील त्याला दार ठेव

काल रात्री तू पाठवलेले बाथरूमच्या टाइल्सचे फोटो पाहिले. छान आहेत गं. मोठ्या, राखाडी, सांधा दिसतच नाही अशा. तू विचारलंस, "अक्का, कशा वाटतात?" मी अंगठा पाठवला आणि आडवी झाले. झोप मात्र आली नाही. म्हणून सकाळी सगळ्यांचे डबे भरून दिले आणि आता हे लिहायला बसले. फोन केला असता, पण तू साइटवर फोन स्पीकरवर टाकतेस, मागे मिक्सर घरघरत असतो, आणि जे सांगायचंय ते गुत्तेदाराच्या कानावर जायला नको.

सांगायचंय ते एवढंच. भिंतीत, छतात, फरशीखाली जे जे झाकून टाकशील, त्याच्यापाशी पोचायला एक दार ठेव. लहान असू दे, कपाटाच्या आत असू दे, कुणाला न दिसणारं असू दे. पण ठेव.

आता तू म्हणशील, अक्काला सकाळी सकाळी काय झालं? तर ऐक.

माझ्या घरातली गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. आम्ही इथं गोव्यात फ्लॅट घेतला, बाथरूम नवं करून घेतलं, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात बेडरूममधल्या कपाटामागची भिंत फुगली. रंगाचे पापुद्रे निघाले, साड्यांना कुबट वास यायला लागला. भिंतीच्या आत, शॉवरच्या गरम-गार पाण्याच्या जोडाला सुईएवढी गळती होती. ती शोधायला अकरा टाइल्स फोडल्या. तशा टाइल्स परत मिळाल्या नाहीत, ते डिझाइनच बंद झालं होतं. म्हणून आमच्याकडे बाथरूमची एक भिंत दोन रंगांची आहे आणि पाहुण्यांना मी ठणकावून सांगते की मुद्दाम तशी केली. आईला, तुझ्या दाजींना, तुला, सगळ्यांना मी एकच सांगितलं, गवंड्यानं घोळ घातला.

घोळ त्याचा नव्हता. तो आपल्याच भागातला होता, उमरग्याकडचा. काम चालू असताना त्यानं विचारलं होतं, "ताई, पलीकडनं कपाटाच्या आत एक झाकण ठिवू का? उद्या काय झालं तर हात घालता यील." आणि मी काय म्हणाले? "नव्या कपाटाला भोक कशाला पाडायचं?" तो गप्प बसला, भिंत बंद केली. नंतर गळती निघाली तेव्हा मी त्याचं नाव पुढं केलं. बिचाऱ्यानं उलटून एक शब्द काढला नाही. हे आज पहिल्यांदा कुणाजवळ तरी बोलतेय. तुझ्यापाशीच राहू दे.

खरं तर मला हे कळायला हवं होतं, कारण आमच्या घरात भाकरी याच धंद्यावर येते. दाजींचं काम तुला माहीत आहे, मांडवीकाठच्या यार्डात बोटींच्या आतलं लाकूडकाम. मला वाटायचं, शिडाची बोट म्हणजे वर शीड आणि खाली झोपायला लाकडाची छानशी खोली. एकदा त्यांनी मला आत नेलं. पॉलिश केलेल्या फळ्या, गुळगुळीत बाकं, कुठं खिळा दिसेल तर शपथ. दाजींनी बाकावरची गादी उचलली, फळीला बोट लावलं आणि फळीतला चौकोनी तुकडा अलगद वर आला. आत काय काय होतं! समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या नळाचा कॉक, त्यावर आवळलेल्या पट्ट्या, तळाशी साचलेलं पाणी उपसणारा पंप, डिझेलचा पाइप, वायरींचे झुपके. सगळी बोट त्या फळ्यांच्या मागं जगत होती.

"पट्टी गंजली आणि नळी सुटली, तर समुद्र आत येतो," दाजी म्हणाले. "त्या वेळी पोरगं अंधारात, हलत्या बोटीत, एका हातानं धरून दुसऱ्या हातानं हा कॉक बंद करणार. त्याला काय, स्क्रू शोधत बसायला सांगू?" जुनी बोट दुरुस्तीला आली की त्यांचे निम्मे दिवस या अस्तराच्या फळ्या न मोडता उचकटण्यात जातात. मग मालकच म्हणतो, एवढं उघडलंच आहे तर इथं कायमचं दार करून ठेवा.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही हे मला कळतं. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. इथल्याच दिवार बेटावरच्या यार्डात बांधलेली नौदलाची 'तारिणी' घेऊन दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी जगप्रदक्षिणेला निघाल्या. २०२४ च्या २ ऑक्टोबरला गोवा सोडलं, २०२५ च्या मे अखेरीला परत आल्या. त्याच यार्डात बांधलेल्या 'म्हादेई'वरून २००९-१० साली दिलीप दोंदे एकटे फिरून आले होते, एकट्यानं पृथ्वीला फेरी मारणारे पहिले भारतीय. या दोघी वाटेत पॉइंट निमोवरून गेल्या. पॅसिफिकमधली ही जागा अशी आहे की तिथून जवळात जवळची जमीन २,६८८ किलोमीटरवर. मी दाजींना म्हटलं, म्हणजे प्लंबर तेवढा लांब! ते हसले, पण मला त्या दोघींच्या हाताशी असलेला पाना आणि प्रत्येक फळीमागं काय आहे याचा त्यांना असलेला पत्ता आठवत राहिला. तुझा प्लंबर गावातच आहे. पण लग्नसराईत, पोळ्याला, गणपतीत त्याला फोन लावून बघ आणि मग सांग मला किती किलोमीटर.

आणि घरात पाणी तुंबतं तेव्हा घरी कोण असतं? जावईबापू ड्यूटीवर, पोरं शाळेत. घोटाभर पाण्यात बादली घेऊन तू उभी असणार. कॉक कुठं आहे हे तुला माहीत हवं आणि तुझा हात तिथं पोचायला हवा.

आता कामाचं बोलू. दाजींना विचारून, माझ्या फुटक्या टाइल्स आठवून सांगतेय.

पहिलं म्हणजे, कापण्याआधी पाहा. बोटीत फळी कापायची तर दाजी आधी बारीक भोक पाडतात आणि आत काय आहे ते बघतात. फळीमागं टाकी असते, वायर असते, आणि करवतीला डोळे नसतात. तुझ्याकडे याहून सोपी सोय आहे, तुझ्या भिंती अजून उघड्या आहेत. प्लास्टर आणि टाइल लागण्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढ. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, हे फोटोत दिसलं पाहिजे. फोटो फोनमध्ये राहतील आणि फोन पाण्यात पडेल, म्हणून कागदावर छापून एका वहीत चिकटव. आणि टाइल लावण्याआधी पाइपांत पंपानं दाब भरून ठेवायला लाव, काटा रात्रभर जागेवर राहिला पाहिजे. बाथरूमचा खोलगट स्लॅब भरायच्या आधी त्यात दोन दिवस पाणी साचवून खालच्या खोलीचं छत बघ. या दोन गोष्टींना गुत्तेदार "काय न्हाय होत ताई" म्हणेल. तू म्हण, "होत नसलं तर करून दाखवा."

दुसरं, दार केवढं ठेवायचं? इथं मला आपल्या गावच्या घरातलं बळद आठवतं. तुला अंधुक आठवत असेल. दोन हात जाडीच्या भिंतीत ज्वारी साठवायची कोठी, वरून तोंड, खाली धान्य काढायला बोळा लावलेलं भोक. वरचं तोंड केवढं होतं? घरातलं लहान पोर उतरेल एवढं. तळाची ज्वारी झाडून काढायला आजी मला आत सोडायची. माप त्या पोराच्या खांद्यांचं होतं. आपल्या जुन्या गवंड्यांना एवढं कळत होतं, की दार आत जाणाऱ्याच्या अंगावर मोजायचं. तसंच तू मोज. भिंतीतल्या कॉकपाशी नुसता हात जाऊन भागत नाही, हातात पाना असतो आणि पाना फिरायला जागा लागते. म्हणून फूटभर चौकोन तरी हवा. फॉल्स सिलिंगमध्ये माणसाला डोकं आणि खांदे आत घालावे लागतात, तिथं दीड-दोन फूट. प्लंबर जाडजूड असला तर त्याचे खांदे मोजून घे, हसू दे त्याला.

तिसरं, जागा. दार नेहमी समोरच्या बाजूला हवंच असं नाही. शॉवरची भिंत आणि बेडरूमचं कपाट पाठीला पाठ लागून आहेत ना तुझ्या नकाशात? मग टाइलला हात न लावता कपाटाच्या पाठीत झाकण ठेव. हेच त्या गवंड्यानं मला सुचवलं होतं.

चौथं, सुतारासाठी. कापलेल्या चौकोनाचे कोपरे टोकदार नकोत, गोल हवेत. टोकदार कोपऱ्यातून चीर सुरू होते, बोटीतही आणि प्लायमध्येही. कापलेला तुकडा टाकून देऊ नको म्हणावं, तोच झाकण म्हणून बसवा, म्हणजे लाकडाच्या रेषा जुळतात आणि दार दिसत नाही. मागून चारी बाजूंनी पट्टी मारली की ते आत पडत नाही. प्लायची कापलेली कड उघडी ठेवली तर ती ओल पिते आणि फुगते, तिला वॉर्निश किंवा सीलर लावायलाच हवं. झाकण धरायला बोटीत लोहचुंबक जपून लावतात, कारण होकायंत्र जवळ असलं तर ते दिशा चुकवतं. तुझ्या घरात होकायंत्र नाही, बिनधास्त चुंबक लाव. आणि सिंकखालच्या कपाटाला, इन्व्हर्टरच्या कप्प्याला जाळी ठेव. बंद जागेत वारा नसला की बुरशी धरते, बॅटरीही तापते.

आता तुझ्या घरातलं एकेक.

लपवलेला फ्लश टँक घेतेयस. घे, पण त्यात हात घालायचा रस्ता म्हणजे फक्त समोरची बटणाची पाटी. शोरूममधल्या माणसाला ती पाटी तुझ्यासमोर काढून आतला व्हॉल्व्ह बाहेर काढून दाखवायला लाव. आपल्या बोअरच्या पाण्यानं बादलीच्या कडेला कसा पांढरा थर चढतो तुला माहीत आहे. तसाच थर त्या व्हॉल्व्हवर चढणार, आणि तो अधूनमधून काढून धुवावा लागणार. गीझरचंही तेच.

विजेची डीबी टीव्हीच्या फळीमागं किंवा शोकेसमागं जाऊ देऊ नको. रात्री वायर जळाल्याचा वास आला, तर तू शोकेसमधल्या बाहुल्या उतरवत बसणार आहेस का? जिथं वायरींचे जोड आहेत ते डबे प्लास्टरमध्ये बुजवू देऊ नको.

नळाला रोज पाणी नाही, म्हणून हौद मोठा केलायस. चांगलं केलंस. पण हौदाचं झाकण दोन फुटांपेक्षा लहान नको, आणि ते पार्किंगच्या टाइलखाली गाडू नको. तीच गोष्ट ड्रेनेजच्या चेंबरची. अंगण सुंदर दिसावं म्हणून लोक चेंबरवरून टाइल फिरवतात आणि तुंबलं की अंगण खोदतात. हौदात उतरायचं असलं तर झाकण काढून बराच वेळ वारा जाऊ द्यावा, आणि वर एक माणूस उभा हवाच. आजी धान्याचं पेव उघडलं की लगेच कुणाला उतरू द्यायची नाही, आधी दोराला कंदील बांधून खाली सोडायची. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. संडासाच्या टाकीत तर कुणालाच उतरवू नको, कितीही हातापाया पडले तरी. ते काम गाडीच्या पाइपानं होतं.

आणि बोअर! हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तू पोर्च वाढवलास असं काल म्हणालीस. बोअर पोर्चखाली गेली का गं? मोटर बिघडली की ती वर ओढावी लागते, लोखंडी पाइप असेल तर वीस-वीस फुटांचा एकेक नग उभा बाहेर येतो. वर स्लॅब असेल तर तो पाइप जाणार कुठं? आपल्याकडे किती जणांनी असं भरल्या घरात, भर उन्हाळ्यात, स्लॅब फोडलाय. स्लॅब अजून ओतला नसेल तर बोअरच्या बरोबर वर एक भोक सोड, वरून पत्र्याचं झाकण कर. आज गुत्तेदाराला दोन वेळा सांगावं लागेल एवढंच. ओतला असेल तर आजच मला सांग.

आता जिथं दार ठेवायचं नाही, तेही सांगते. कॉलम आणि बीममध्ये पाइप लपवायला खाच मारू देऊ नको, दार तर लांबच. इथं मी हट्टी आहे आणि का ते तुला माहीत आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आपण अंगणात झोपलो होतो म्हणून आज हे लिहितेय. ते बळद, ती दोन हात जाडीची भिंत, काही सेकंदांत खाली आली. नंतर इंजिनिअर लोकांनी सांगितलं, या भिंती दोन दगडी थरांच्या असायच्या, मधे माती नि चिपा भरलेल्या. दोन्ही थर एकमेकांना धरून ठेवणारे आरपार दगडच नव्हते, आणि डोक्यावर माळवदाची फूटभर माती. बाहेरून भिंत धडधाकट, पोटात काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही. त्या वेळी देशाच्या भूकंपाच्या नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता, २००२ साली तो तिसऱ्या पट्ट्यात घातला. तेव्हा खाच हवीच असेल तर विटांच्या भिंतीत, आणि तीही इंजिनिअरला दाखवून. पाइपांसाठी बाहेरून एक उभा डक्ट काढ, त्याला आतून दार ठेव, म्हणजे कॉलमला हात लावायची वेळच येत नाही.

जावईबापू म्हणतील, सगळीकडे झाकणं दिसली तर घर हॉटेलासारखं कसं दिसणार? त्यांना एका रविवारी नळदुर्गला घेऊन जा. बोरी नदीवरचा तो बंधारा, १६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. नर-मादी धबधबा बघायला गर्दी होते ती वेगळी. पण बंधाऱ्याच्या पोटात उतरणाऱ्या पायऱ्यांनी त्यांना खाली पाणीमहालात ने. नदी डोक्यावरून वाहते आणि आपण भिंतीच्या आत उभे असतो. चारशे वर्षांपूर्वी एवढं मोठं धरण बांधणाऱ्यानं भिंत भरीव करून मोकळं व्हायचं सोडून आत जायला वाट ठेवली, खोल्या ठेवल्या, खिडक्या ठेवल्या. लोक लांबून येतात ते तीच वाट बघायला. मग विचार, आता सांगा, कपाटातलं फूटभर झाकण कुरूप आहे का?

गुत्तेदाराशी मात्र भांडू नको. तो तुझं बोलणं जावईबापूंकडे बघत ऐकेल, मला ठाऊक आहे. म्हणून तोंडी सांगू नको. कुठं कुठं दार हवं त्याची यादी कर, नकाशावर लाल पेननं चौकोन काढ, मापं लिही आणि शेवटचा हप्ता ती दारं उघडून दाखवल्यावरच दे. आणि गवंडी किंवा प्लंबर स्वतःहून काही सुचवायला लागला तर हातातलं काम सोडून ऐक. त्या माणसानं शंभर भिंती बंद केल्यात आणि त्यातल्या कितीतरी परत फोडल्यात. आपण एकच घर बांधतो.

मी त्या गवंड्याचा नंबर शोधून ठेवलाय. चार वर्षं फोनमध्ये आहे, एकदाही लावला नाही. तू साइटवरून बोअरचं काय ते कळव, तोवर मी त्याला फोन लावते. तो कपाटातल्या झाकणाबद्दल बोलत होता तेव्हा मी ऐकलं नाही, एवढंच सांगायचंय. आणि अजून उमरग्याकडेच असेल तर तुझ्या घराचं बाथरूम त्यानं करावं, अशी माझी फार इच्छा आहे. विचारू का?

तुझी,
अक्का